परमार्थ आणि हसू

महाराष्ट्रात अंबड नावाची दोन ठिकाणे बरीच परिचित आहेत. एक जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. दुसरे नाशिक शहराला लागून असलेले, एके काळी शेतीभातीचे आणि आता कारखान्यांच्या पाळ्यांवर दिवस मोजणारे. योगायोग असा की, ज्या सत्पुरुषाकडे महाराष्ट्राने गांभीर्याचा आदर्श म्हणून पाहिले, त्या समर्थ रामदासांच्या चरित्राची पहिली दोन पाने या दोन अंबडांच्या आसमंतातच उलगडतात. समर्थांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. हे जांब जालना जिल्ह्यातील अंबडच्या मुलखातले. पुढे १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे त्यांनी जेथे तपश्चर्या केली, ती टाकळी मात्र नाशिकची. सातपूर-अंबडच्या अंगाने वाहत येणारी नासर्डी, जिला नंदिनी असेही म्हणतात, ती याच टाकळीस गोदावरीला मिळते. आणि त्या संगमाच्या पाण्यात उभे राहून समर्थांनी रामनामाचा जप केला, असे परंपरा सांगते.

आता या दोन पानांमधला दुवा पाहावा. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा आहे, अंतरपाट धरलेला आहे, मंगलाष्टके चालली आहेत. भटजींनी नित्याच्या सवयीने 'सावधान' म्हटले, आणि मुलगा खरोखरच सावध होऊन मांडवातून पळाला. त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर किती लग्नांत तो शब्द उच्चारला गेला असेल याची गणती नाही. त्याचा अर्थ अक्षरशः मनावर घेणारा नवरदेव मात्र हा एकच. आजही एखाद्या मांडवात कोणी वडील माणूस ही गोष्ट काढतो आणि सारा मांडव हसतो. मुंडावळ्या बांधलेला नवरदेवदेखील हसतो, मग किंचित विचारात पडतो. म्हणजे महाराष्ट्रातील अत्यंत कडक विरक्ताची कथा एका विनोदाने सुरू होते, आणि चारशे वर्षांत तो विनोद शिळा झालेला नाही.

असे असूनही समर्थांचेच एक वचन घरोघर हसण्यावर दंडुक्यासारखे उगारले जाते. विनोद हा टवाळांना प्रिय असतो, अशा आशयाचे ते वचन. दिवेलागणीला मुले खिदळू लागली की आजोबा ते म्हणतात. शाळेत वर्ग हसला की गुरुजी ते म्हणतात. आणि ज्यांनी दासबोध कधी उघडला नाही, त्यांनाही ते पाठ असते. वस्तुतः हे वचन दासबोधाच्या सातव्या दशकात, श्रवणाचे निरूपण चालू असताना येते. कोणत्या वृत्तीच्या माणसाला काय ऐकणे गोड वाटते, याची तेथे एक मोठी यादी आहे, आणि साधकाने काय ऐकावे हा तेथला प्रश्न आहे. ज्याला परमार्थ हवा आहे त्याने टिंगलटवाळीच्या गप्पांत कान गुंतवू नयेत, एवढाच त्याचा रोख. तो रास्त आहे. परंतु दंडुका उगारणारे सातव्या दशकावरून दुसऱ्या दशकाकडे मागे वळून पाहत नाहीत, ही खरी अडचण.

दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. स्वतःच स्वतःची स्तुती करणारा मूर्ख. सासऱ्याच्या घरी ठाण मांडून राहणारा मूर्ख. भांडण सोडविण्याऐवजी उभा राहून त्याची मौज पाहणारा मूर्ख. घरी शहाणपण सुचते आणि सभेत मात्र तोंड उघडत नाही तो मूर्ख. अशी एकामागून एक लक्षणे समर्थ टाकीत जातात. वाचणारा प्रथम मोठ्याने हसतो, कारण प्रत्येक ओवीत त्याला कोणी ना कोणी ओळखीचा भेटतो: एकीत शेजारी, दुसरीत कचेरीतला वरिष्ठ, तिसरीत धाकटा मेहुणा. आणखी काही ओव्या पुढे गेल्या की एकदम हसू थांबते. त्या ओवीत जो भेटतो तो शेजारी नसतो, मेहुणाही नसतो. येथे दोन मार्ग फुटतात. ग्रंथ मिटून ठेवता येतो, अथवा मघाशी शेजाऱ्यावर जेवढे हसले तेवढेच स्वतःवर हसता येते. समर्थांनी हा समास रचला तो दुसऱ्या मार्गासाठी, हे उघड आहे. नाहीतर शेवटी ही लक्षणे ऐकून त्यांचा त्याग करावा, असे सांगण्याचे कारणच उरले नसते. आणि ज्यांना आपण यातून सुटलो असे वाटेल, त्यांच्याकरिता त्याच दशकात शेवटी पढतमूर्खाचा समास ठेवलेला आहे. स्वतःच्या जाणतेपणाच्या बळावर सगळ्या जगाला नावे ठेवणारा विद्वान तेथे भेटतो. सुशिक्षित घरांत तो समास थोडा कमी वाचला जातो.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, अकारण हसणे हेसुद्धा समर्थांनी मूर्खाचे लक्षण म्हणून गणले आहे. तेव्हा त्यांना हसण्याचे सरसकट वकील करणे बरे नव्हे. त्यांचा कटाक्ष हसण्याच्या दिशेवर आहे.

ही दिशेची गोष्ट आपल्याकडे फार जुनी. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत. स्वतः हसतो तेव्हा ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवितो तेव्हा ते परस्थ. या शास्त्रीय शब्दांना थोडे वाकवून असे म्हणता येईल की, एक हसू आपल्याकडे वळलेले असते आणि दुसरे लोकांकडे. भरताने हास्याचा रंग पांढरा मानला आणि त्याची देवता म्हणून शंकराच्या प्रमथगणांची योजना केली. स्मशानात राहणाऱ्या, भस्म फासणाऱ्या योग्याभोवती हसणारे गण आहेत, ही कल्पनाच मोठी मार्मिक आहे. आणि संस्कृत नाटकातला विदूषक पाहावा: तो बहुधा ब्राह्मण, खादाड आणि भित्रा. ज्या वर्गाने शास्त्रे सांभाळली, त्याच वर्गाचा माणूस रंगभूमीवर हसण्याचा विषय झाला आणि त्याला कोणाची हरकत नव्हती.

मग अतिगंभीर माणसाचे काय होते? असा गृहस्थ ओळखण्यास कठीण नाही. उभे आयुष्य कारखान्यात वा कचेरीत शिस्तीने काढलेले असते; निवृत्तीनंतर तीच शिस्त देवघरात येते. जपाची संख्या ठरलेली, पारायणाचे दिवस ठरलेले, उपवास काटेकोर. तो घरात आला की दूरदर्शन संचाचा आवाज खाली जातो, सुनेचे बोलणे तुटते, नातू अभ्यासाचे पुस्तक पुढे ओढतो. त्याला वाटते, ही आपल्या साधनेची जरब. आरतीत टाळ चुकला की तो मुलाकडे असे पाहतो की, देवदेखील क्षणभर संकोचावा. त्याच्या सचोटीत खोट नसते, श्रद्धाही खरी असते. परंतु इतक्या वर्षांच्या साधनेत एक गोष्ट बिचाऱ्याच्या लक्षात आलेली नसते: परमार्थात जो 'मी' झिजावयाचा, तो त्याच्या ठिकाणी रोज थोडा थोडा जाड होत असतो. माळेचा प्रत्येक मणी त्या 'मी'च्या खात्यावर जमा होतो. आणि त्याला हे कोणी सांगूही शकत नाही, कारण ज्याला स्वतःचे काहीच हास्यास्पद वाटत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाटच बंद झालेली असते. घरातील माणसे त्याला नमस्कार करतात आणि त्याच्याशी बोलणे टाळतात. हे नुकसान लहान नाही. म्हातारपणी माणूस एकटा पडतो तो नेहमी मुलांच्या दोषानेच पडतो असे नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण महाभारतात आहे. मयसभेत दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडला आणि पाहणारे हसले. ते हसू चांगले नव्हतेच. पाहुण्याच्या फजितीवर हसणे हा यजमानाचा धर्म नव्हे. परंतु क्षणभर अशी कल्पना करावी की, ओल्या वस्त्रांनिशी वर येताना दुर्योधन स्वतःच हसला असता! मयासुराच्या कारागिरीने हस्तिनापूरच्या युवराजाला चांगलेच बनविले, असे तोच म्हणाला असता, तर पुढचे द्यूत, पुढचा वनवास आणि अठरा अक्षौहिणींचा संहार कोणत्या कारणावर उभा राहिला असता? व्यासांनी युद्धाची कारणे पुष्कळ दिली आहेत, आणि राज्याचा लोभ त्यांत पहिला आहे, हे खरे. तरी ती ओली वस्त्रे दुर्योधनाच्या मनात कधीच वाळली नाहीत.

दुर्योधनाच्या समोर पैठणचे नाथमहाराज उभे करावे. सोळाव्या शतकातली गोष्ट. एकनाथ गोदावरीचे स्नान करून परतत असता वाटेवर बसलेला एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ मागे फिरले, पुन्हा स्नान करून आले. तो पुन्हा थुंकला. असे किती वेळा झाले याची संख्या परंपरा एकशे आठ सांगते. ती संख्या श्रद्धेची आहे, हिशेबाची नव्हे. अखेर तो माणूस ओशाळून पाया पडला, तेव्हा नाथांनी त्याचेच आभार मानले: त्याच्या कृपेने एका दिवसात गंगेची इतकी स्नाने घडली होती!

ही कथा कीर्तनात नेहमी क्षमेची म्हणून सांगितली जाते. तीत क्षमा आहेच. पण केवळ क्षमेने तिचा उलगडा होत नाही. क्षमा करणाऱ्याच्या मनात 'मी क्षमा केली' हा एक सूक्ष्म गर्व मागे राहू शकतो. अपराधी खाली आणि क्षमाशील वर, असे दोघांचे आसन ठरून जाते. नाथांच्या उत्तरात असे वर-खाली काही नाही. त्यात विनोद आहे. आपणच दिवसभर नदी आणि घर यांच्यामध्ये येरझारा घालीत होतो, हे दृश्य नाथांनाही थोडे हसण्यासारखे दिसले असले पाहिजे. तसे दिसल्याशिवाय असे उत्तर जिभेवर येत नाही. आणि त्या हसण्यात अपमान झालेला 'मी' कोठे शोधून सापडत नाही. परमार्थात हसण्याचे जे मोल आहे ते येथे आहे. मन प्रसन्न होते, प्रकृती सुधारते, हे लाभ वेगळे. ते खरे असले तरी दुय्यम आहेत.

नाथांची भारुडे याच मातीतली. विंचू चावल्याचा कांगावा करणारा, भूत लागलेला, भविष्य सांगणारा जोशी, अशी सोंगे घेऊन त्यांनी वेदान्त चव्हाट्यावर आणला. त्यांतले भवानीआईला नवस बोलणाऱ्या सुनेचे भारूड सर्वश्रुत आहे. सासरा, सासू, जाऊ, नणंद या एकेकाची वाट लावण्यासाठी ती देवीला साकडे घालते. भारुडकार पदर घेऊन ते सोंग आणतो तेव्हा बायकांच्या बाजूने हशा उसळतो, आणि त्या हशात पुष्कळ जणींचे पुष्कळ दिवसांचे साठलेले असते. शेवटी ती सून आपल्याला एकटेच राहू दे असे मागते, आणि मग निरूपणकार उलगडा करतो की ही सासरची माणसे म्हणजे मनातले विकार, आणि एकटे राहणे म्हणजे मुक्ती. आधी हसू, मग अर्थ. हा क्रम नाथांनी उलटा केला नाही. उपदेश पुढे आला असता तर दारे मिटली असती. हसताना माणसाचे तोंड उघडते तसे मनही उघडे राहते, आणि तेवढ्या सवडीत पुष्कळ काही आत जाते.

हाच क्रम विसाव्या शतकात गाडगेमहाराजांनी चालविला. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या आणि १९५६ साली देह ठेवलेल्या या सत्पुरुषाने दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडले आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडली. नाशिकची गोदाकाठची धर्मशाळा त्यांच्याच कार्याची खूण. त्यांचे कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतला श्रोत्यांशी संवाद. ते साधा प्रश्न विचारीत, श्रोते एका आवाजात उत्तर देत, आणि तीनचार प्रश्नांत श्रोते आपल्याच उत्तरांच्या जाळ्यात सापडत. देवापुढे बकरे कापणारा, कर्ज काढून जेवणावळी घालणारा, दारूपायी घर बुडविणारा असा कोणी मूर्ख ते उभा करीत. सभा पोट धरून हसे. मग ध्यानात येई की, ज्या तोंडातून हसू निघाले त्याच तोंडाने मागच्या साली सावकाराकडे जेवणावळीसाठी पैसे मागितले होते. अशा वेळी सभेत पसरणारी शांतता हजार व्याख्यानांनी आली नसती. आणि महाराज स्वतः? डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्यांची गोधडी. प्रथम स्वतः हास्यास्पद होऊन मगच त्यांनी लोकांना हसविले. त्यामुळे त्यांचे हसू कोणाला बोचले तरी कोणाला हीन करून गेले नाही.

लोकांनी उडविलेली हुर्यो आणि स्वतःचे हसू यांतील अंतर ग्रीसमध्येही एका महात्म्याने दाखविले. अ‍ॅरिस्टोफेनिसने इसवी सनापूर्वी ४२३ साली सॉक्रेटिसाची टर उडविणारे नाटक रंगभूमीवर आणले. प्रयोग चालू असता खुद्द सॉक्रेटिस प्रेक्षकांत उठून उभा राहिला, म्हणजे परक्या पाहुण्यांना नक्कल आणि अस्सल ताडून पाहता यावे, असे उत्तरकालीन ग्रीक लेखक सांगतात. परंतु त्याच नाटकाने लोकांच्या मनात भरविलेला ग्रह पुढे, इसवी सनापूर्वी ३९९ साली, त्याच्या खटल्याच्या वेळी आडवा आला. परस्थ हसू विषही होऊ शकते, हे येथे विसरू नये.

आधुनिक काळात याच अनुभवाचा एक चमत्कारिक पुरावा मुंबईत मिळाला. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी एका उद्यानात पाच माणसांना जमवून हास्यक्लब सुरू केला. प्रथम रोज कोणीतरी विनोदी चुटके सांगे आणि बाकीचे हसत. थोड्याच दिवसांत चुटके संपले. उरले ते कोणाला तरी झोंबणारे किंवा अश्लील. तेव्हा चुटक्यांवाचूनच हसावयाचे ठरले, आणि ती रीत जगभर पसरली. म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने मिळणाऱ्या हसण्याचा साठा काही दिवसांचाच निघाला! आज नाशिकच्या उद्यानांत सकाळी अशी मंडळे हात वर करून हसताना दिसतात. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे, आणि काही ठिकाणी हसण्याचीही हजेरी घेतली जाते व कमी हसणाऱ्यास समज दिली जाते, तेव्हा मूळ रोग औषधात उतरला असे म्हणावे लागते. तरीही त्यात एक गोष्ट लाखमोलाची आहे. ज्याने आयुष्यभर आपल्या प्रतिष्ठेची इस्त्री मोडू दिली नाही, असा माणूस भर बागेत, वर्तमानपत्रवाल्याच्या आणि दूधवाल्याच्या देखत, कारणावाचून हसावयास तयार होतो. त्या हसण्यापेक्षा ती तयारी मोठी.

मराठी वाङ्मयाने तर हा वारसा फार प्रेमाने जपला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा जुन्या रूढींचे असे काही गंभीर समर्थन करतो की, रूढीच कोसळते. आणि तो स्वतः, त्याचे बंडूनाना आणि पांडूतात्या, सगळे त्या ढिगाऱ्यात सापडतात. चिंतामण विनायक जोशी यांची गोष्ट आणखी निराळी. हे बडोद्याचे पाली भाषेचे पंडित, बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक. आणि त्यांच्याच लेखणीतून चिमणराव उतरला. भित्रा, भोळा, कारकुनी पेशाचा हा गृहस्थ आपल्या फजितीच्या हकीकती स्वतःच्याच तोंडाने सांगतो, आणि सांगताना स्वतःला जराही वाचवीत नाही. अनित्यता आणि अनात्मता यांचा अभ्यास करणाऱ्या पंडिताला असा माणूस सुचावा, यात अनेकांना विसंगती वाटली असेल. वास्तविक दोन्ही एकाच अभ्यासाची अंगे आहेत.

येथे अतिगंभीर वाचकाचा एक आक्षेप उरतो: दुःखात काय हसावयाचे? ज्याच्या घरात आजार आहे, ज्याच्या मुलाचा कारखाना बंद पडला आहे, त्याला हसण्याचा उपदेश करणे ही क्रूरता नव्हे काय? आहेच. दुसऱ्याच्या दुःखात त्याला हसा म्हणून सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या घरांनी मोठी संकटे सोसली आहेत त्यांत जाऊन बसावे. पुष्कळदा तेथल्याच माणसांना, आणि त्यांतही म्हाताऱ्या बायकांना, आपल्या हालअपेष्टांतला हसण्याजोगा भाग बरोबर आठवतो. ज्यांनी फारसे काही सोसलेले नाही, त्यांचीच मुद्रा अधिक वेळा गंभीर असते.

ज्या घरात दासबोध आहे तेथे एक उपाय घरबसल्या करून पाहण्याजोगा आहे. एखाद्या रविवारी जेवणानंतर सर्वांनी एकत्र बसून मूर्खलक्षणांचा समास वाचावा. अट एकच: कोणी दुसऱ्याकडे पाहावयाचे नाही, जे लक्षण आपले वाटेल त्याला ज्याने त्याने आपला हात वर करावयाचा. वाचनाचे काम शक्यतो घरातील सर्वांत लहान वाचत्या मुलाकडे द्यावे. वडीलधाऱ्यांचा हात किती वेळा वर गेला, हे मुलांनी मोजू नये, अशी ताकीद आरंभीच देऊन ठेवावी. ती मोजतीलच.